नऊ थेंब किंवा कमी

मद्रासहून मुंबईकडे निघालेली मेल बुधवारी सकाळी दौंडच्या फलाटाला लागली आणि तिथून पुढे हललीच नाही. १९७४ सालचा मे महिना होता. देशभर रेल्वेचा संप सुरू झाला होता. इंजिन सोडून ड्रायव्हर निघून गेला, गार्डाने आपला डबा बंद केला, आणि माणसं पेट्या-वळकट्या घेऊन एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

अंजना मात्र डब्यातच बसून राहिली. तिच्या पायाशी एक लाकडी खोकं होतं. आतून पत्रा ठोकलेलं आणि काठोकाठ पाण्याने भरलेलं. त्या पाण्यात तेवीस बाटल्या बुचांसकट बुडवून उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यात बंगालच्या उपसागराचं पाणी होतं.

दौंड तिला परकं नव्हतं. तिचा जन्मच इथल्या रेल्वे कॉलनीतला. वडील बन्सी मूळचे न्हावऱ्याचे. तीस वर्षांपूर्वी लोको शेडमध्ये लागले ते इथेच राहिले. तेही आज संपावर होते. त्यांच्याच दोन सोबत्यांनी हातगाडी आणून खोकं क्वार्टरपर्यंत पोचवलं. त्यातला एक जण घाम पुसत म्हणाला, "अंजे, लोकं समुद्रावरनं शिंपले आणत्यात. तू समुद्रच उचलून आणलास व्हय?"

अंजना हसली, पण तिचं लक्ष खोक्यातल्या पाण्याकडे होतं. वाटेत थोडं हिंदकळलं होतं. घरात शिरल्याबरोबर तिने माठातलं पाणी घेऊन ते पुन्हा काठोकाठ केलं आणि मगच चपला काढल्या.

त्या बाटल्यांत काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. चुलीवर पाणी ठेवलं की उकळायच्या आधीच भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. नदीत, विहिरीत, समुद्रात, सगळीकडे ती असते आणि मासे तीच घेऊन जगतात. समुद्रात वरच्या पाण्याला ती वाऱ्याकडून मिळते. पण खाली, जिथे ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, तिथे किती हवा असते? तिथल्या जिवांना श्वास कुठून मिळतो? अंजना मुंबईच्या ज्या संस्थेत काम करायची, तिथे हा शोध चालला होता.

खोलवरचं पाणी वर काढलं की त्यात लगेच दोन औषधं घालतात. पाण्यातला प्राणवायू त्या औषधांत अडकतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो. प्राणवायू भरपूर असला तर गाळ गडद तपकिरी होतो. अजिबात नसला तर तो दुधासारखा पांढरा राहतो. मग प्रयोगशाळेत दुसरं एक औषध थेंबाथेंबाने घालून प्राणवायू नेमका किती ते मोजतात. हे मोजमाप खरं तर संस्थेच्या जहाजावरच व्हायचं. पण वादळात थेंब सोडायच्या काचेच्या नळ्या फुटल्या आणि बाटल्या तशाच मद्रास बंदरात उतरल्या. अंजना बंदरात त्यांची वाट पाहत उभी होती. जहाजावर बाईमाणसाच्या राहण्याची सोय नाही, असं सांगून तिला किनाऱ्यावरच ठेवलं होतं.

तेवीस बाटल्यांपैकी बहुतेक तपकिरी होत्या, काही फिकट, काही गडद. सगळ्या जोडीने होत्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. फक्त तीनशे मीटर खोलीची बाटली एकटी होती. तिची जोडीदारीण वादळात फुटली होती. आणि तिच्यातला गाळ पांढरा होता.

तीनशे मीटरवर समुद्रात श्वासापुरतीही हवा नसावी, आणि त्याच्या खाली, आणखी खोल गेल्यावर ती पुन्हा सापडावी, असं अंजनाने दोन वर्षांपूर्वी जुन्या आकड्यांवरून मांडलं होतं. संस्थेतल्या मोठ्या साहेबांना ते पटलं नव्हतं. ते म्हणाले होते, आकडा आणून दाखवा, पुढच्या सफरीत तुमची जागा मी करून देईन. नाही आणलात तर हा विषय सोडा. पुढची सफर दीड वर्षाने होती. तो आकडा या एका पांढऱ्या बाटलीत होता.

अंजनाने संस्थेला तार केली. गुरुवारी उत्तर आलं: जीप रविवारी पोचेल. गाड्या बंद असल्यामुळे एसटी खचाखच भरून जात होत्या. खोकं टपावर टाकलं असतं तर उन्हाने बाटल्यांची बुचं उडाली असती. रविवारपर्यंत थांबणं भागच होतं. थांबायलाही तशी हरकत नव्हती. बाटल्या अंधारात, गार जागी आणि पाण्यात बुडालेल्या असल्या की आठवडाभर टिकतात. बाटलीच्या काचेच्या बुचाभोवती पाणी असेल तर हवा आत शिरू शकत नाही. सगळी मदार त्या बाहेरच्या पाण्यावर होती.

तिने आईला, ताईबाईला, बजावून सांगितलं होतं की काही झालं तरी बाटल्यांना हात लावायचा नाही. ताईबाईने मान डोलावली. हात न लावण्याचं कारण मात्र तिने विचारलं नाही आणि अंजनानेही सांगितलं नाही.

शुक्रवारी पहाटे ऊन चढायच्या आत बर्फ मिळावा म्हणून अंजना बर्फाच्या कारखान्यावर गेली. तिथे रांग होती. लादी पोत्यात गुंडाळून ती घरी आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिला खोक्याचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं.

खोक्यात पाणी नव्हतं. बाटल्या कोरड्या उभ्या होत्या. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा खोक्याच्या अर्ध्यापर्यंत चढला होता.

तिच्या हातातून लादी सुटली.

ताईबाई मोरीतून बाहेर आली. पोरीचा चेहरा बघून ती जागच्या जागी थबकली. "बाटल्यांना न्हाई गं हात लावला," ती म्हणाली. "तांब्यानं वरच्या वर पाणी काढलं. दोन दिसाचं शिळं पाणी त्ये. म्हटलं, तुझ्या एवढ्या मोलाच्या कामाला शिळं पाणी कसं ठिवायचं? नळ आला की ताजं भरणार हुते. नळ आलाच न्हाई."

ताईबाई जन्मभर हेच करत आली होती. सकाळी उठलं की माठ, हंडा, कळशी, सगळ्यातलं शिळं पाणी ओतायचं, भांडी विसळायची आणि ताजं भरायचं. मांडवगणला तिच्या माहेरी भीमेचं पाणी डोक्यावरून आणावं लागायचं, तिथेही हा नेम चुकला नव्हता. खोक्यातलं पाणी तिने दारच्या लिंबाला घातलं होतं. पण पंपावरची माणसंही संपावर होती आणि सहाचा नळ साडेनऊपर्यंत आला नव्हता. साडेतीन तास बाटल्या उघड्या उभ्या होत्या.

फुटलेला बर्फ अंजनाने गोळा केला, खोक्यात टाकला, शेजारून मागून आणलेल्या घागरीतलं पाणी वर ओतलं आणि एकेक बाटली उजेडाकडे धरून पाहू लागली. दोन तपकिरी बाटल्यांची बुचं सैल झाली होती. त्यांच्या जोड्या शाबूत होत्या. मग तिने पांढरी बाटली उचलली.

गळ्याशी, बुचाच्या अगदी खाली, एक केसासारखी पिवळट रेघ दिसत होती.

हवा आत शिरली होती. अगदी थोडी, पण शिरली होती. जिथे ती गळ्याला चिकटलेल्या गाळाला शिवली तिथे गाळ रंगायला लागला होता. बूच थोडं उचललेलं होतं. ते दाबावं तर सगळंच हलणार, न दाबावं तर बाहेरच्या पाण्यातली हवा शिरतच राहणार. रविवारपर्यंत ही बाटली इतर बाटल्यांसारखीच तपकिरी झाली असती.

"आजच मोजायला पाहिजे," ती म्हणाली. "दुपारच्या आत."

मोजायचं तर थेंब सोडायची खुणा केलेली काचेची नळी हवी. अंजनाने सगळीकडे मन फिरवलं. शिरूरच्या तिच्या शाळेत तशी नळी होती. आत्याकडे राहून ती तिथेच अकरावी झाली होती आणि ती नळी तिने पहिल्यांदा तिथेच हातात धरली होती. पण शाळेला मेची सुटी, विज्ञानाचे मास्तर गावी गेलेले, आणि न्हावऱ्यावरून शिरूर गाठून परत यायचं तर संध्याकाळ झाली असती. दुसरी नळी अर्ध्या मैलावर होती. लोको शेडमधल्या पाणी तपासायच्या खोलीत.

त्या खोलीत तिचे वडील तीस वर्षं काम करत होते. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला कसंही पाणी चालत नाही. पाण्यात चुना फार असला तर आत त्याचे थर बसतात, नळ्या चोंदतात, जळतात. म्हणून इंजिनात भरण्याआधी पाणी तपासायचं, किती औषध घालायचं ते ठरवायचं. हे बन्सींचं काम. अंजना सात वर्षांची असताना त्यांनी तिला बॉयलरमधून खरवडलेला पांढरा दगडासारखा थर दाखवला होता. नितळ पाण्यातून हे निघतं हे तिला तेव्हा खरं वाटेना. "डोळ्याला दिसत न्हाई त्ये बी पाण्यात असतं," ते म्हणाले होते. तिथून ती पाण्याच्या मागे लागली. शाळेत, कॉलेजात, मुंबईत. समुद्र तिने एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, पण त्याच्याबद्दलचा पहिला प्रश्न दौंडच्या शेडमध्ये पडला होता.

बन्सी मधल्या खोलीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नळीचं नाव कोणी काढलं नाही, पण तिघांच्याही मनात ती एकच नळी होती.

इतक्यात दारात साहेबराव आला. शेडमधला हजेरी कारकून, बन्सींच्या वयाचा. जयभीम घालून तो उंबऱ्याशी उकिडवा बसला. त्याचं येणं निरोपाचं होतं. शेडचे साहेब सांगत होते, की जो आज दुपारच्या आत हजेरीवर सही करील त्याच्या नोकरीला धक्का नाही. बाटल्यांची हकिकत त्याला कॉलनीत कळली होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बन्सीराव, एक सही. खोली उघडा, नळी घ्या, पोरीचं काम हुईल. कुणाला काय बी कळायचं न्हाई."

"हजेरीच्या पुस्तकात दिसंल की," बन्सी म्हणाले.

"दिसंल तर दिसंल. वाईट काय करताय? लेकराचंच काम हाय."

शेडमधले दीडशे लोक तीन दिवस बाहेर होते. काहींना पोलिसांनी नेलं होतं, काही जण शेतात जाऊन राहिले होते. बुधवारी सकाळी फाटकाशी सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं होतं, की जाऊ ते सगळे मिळून आत जाऊ, एकटा कोणी जाणार नाही. बन्सींचाही हात वर होता.

साहेबराव निघून गेला. ताईबाई नवऱ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते. "अवं, चूक माझी हाय," ती म्हणाली. "ती तुमी भरून काढा. जावा. एक सही करा."

बन्सींनी अंजनाकडे पाहिलं. तिने नाही म्हणायला हवं होतं. 'आबा, नको' इतकंच. ते शब्द तिच्या तोंडाशी आलेही. पण तिच्या हातात ती बाटली होती, आणि रेघ मघापेक्षा रुंद झाली होती. ती खाली बघत राहिली.

बन्सी उठले. खुंटीवरचा खाकी सदरा त्यांनी अंगात घातला, बटणं लावली आणि बाहेर पडले.

घरात दोघीच उरल्या. ताईबाई भिंतीला टेकून बसली. अंजना खोक्याजवळ बसून पाण्यात बर्फाचे तुकडे सोडत राहिली. साडेदहा झाले. अकरा वाजले. शेडपर्यंत जायला दहा मिनिटं पुरतात. एव्हाना त्यांनी सही केली असेल. उद्या फाटकाशी लोक त्यांच्याकडे कसे बघतील, हे तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. आबा मान वर करून चालणारा माणूस. आणि ती मान आपण एका बाटलीसाठी खाली घालायला लावली. पळत जाऊन त्यांना अडवावं असं तिला वाटलं. ती उठलीही. पण आता उशीर झाला होता.

सव्वाअकराला दार वाजलं. बन्सी आत आले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते खाली ठेवून उलगडलं. आत काचेचा जुना ड्रॉपर होता. वर रबरी फुगा, खाली निमुळतं टोक. खुणा नव्हत्या.

"शेडात न्हाई गेलो," ते म्हणाले. "इनुस मिस्त्रीकडं गेल्तो."

इनुस मिस्त्री म्हणजे त्यांचे उस्ताद. पाण्याचं काम त्यांनीच बन्सींना शिकवलं होतं. आता ते थकले होते आणि मशिदीमागच्या गल्लीत लेकाकडे राहत होते. शेडमध्ये खुणांची नळी आली ती बन्सी कामाला लागल्यानंतर पाच वर्षांनी. त्याआधी सगळं काम याच ड्रॉपरवर, थेंब मोजून चालायचं. मिस्त्री म्हणायचे, थेंब लहानमोठा पडतो तो काचेमुळे नाही, हातामुळे. हात सरळ आणि चाल एकसारखी असली तर थेंबही एकसारखे पडतात. आणि मोजताना तोंडाने बोलायचं नाही. बोललं की श्वास हलतो, श्वास हलला की हात हलतो. दहा थेंब झाले की डाव्या हाताने ज्वारीचा एक दाणा बाजूला सारायचा. शेवटी दाणे मोजायचे.

अंजना वडिलांकडे बघत राहिली. मग एकदम भानावर आली. थेंब मोजले तरी चालणार होतं. औषध इथे बनवलं तरी चालणार होतं. त्याची ताकद नेमकी किती हे आत्ता माहीत नसलं तरी हरकत नव्हती. त्यातलंच थोडं बाटलीत बंद करून मुंबईला न्यायचं आणि तिथे तपासायचं. थेंबांची संख्या तेवढी आज खरी हवी.

औषध म्हणजे हायपो. फोटो धुवायला वापरतात तोच. बन्सी पुन्हा बाहेर पडले आणि स्टेशनजवळच्या सिद्दीकच्या फोटो स्टुडिओतून हायपोचे खडे आणि मोजमापाचा पेला घेऊन आले. सिद्दीकने शेजारच्या गॅरेजमधून बॅटरीचं ॲसिड आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणीही मिळवून दिलं. वर निरोप पाठवला, की समुद्राचा फोटो निघाला तर पहिली प्रत माझ्या काचेत लावायची. ताईबाईला साबुदाण्याची पातळ पेज करायला सांगितली. पेज कशाला, हे या वेळी तिने विचारलं. अंजनाने सांगितलं, "बाटलीत ॲसिड घातलं की गाळ विरघळतो आणि पाणी पिवळं होतं. त्यात पेज घातली की निळं होतं. मग हायपोचे थेंब सोडायचे. ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे थांबायचं. जेवढे थेंब लागले तेवढा प्राणवायू."

"म्हंजी निळा गेला की झालं."

"झालं. पण एकसुद्धा थेंब जास्त पडला तर गेलं."

पावणेबाराला त्यांनी दार लावलं, वारा येऊ नये म्हणून खिडकीही लावली. खोलीत भट्टीसारखं झालं. बन्सींनी सदरा काढून ठेवला आणि पाटावर बसले. आधी पेल्यात थेंब सोडून पाहिले. पेल्यावरच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत वीस थेंब लागले. पुन्हा सोडले, वीस. तिसऱ्यांदा, वीस.

मग अंजनाने वरच्या पाण्याची, समुद्राच्या अगदी पृष्ठभागाची बाटली घेतली. ती गडद तपकिरी होती. ॲसिडने ती चहासारखी झाली. थेंब पडू लागले. रंग फिका झाल्यावर तिने पेज घातली आणि पाणी शाईसारखं निळं झालं. बन्सींचा डावा हात मधूनमधून हलत होता, दाण्यांची रांग लांबत होती. एका क्षणी निळा रंग गेला आणि पाणी नितळ झालं. एकवीस दाणे, वर चार थेंब. दोनशे चौदा.

तिची जोडीदारीण घेतली. दोनशे तेरा.

अंजनाने सुटकेचा श्वास सोडला. मुंबईच्या प्रयोगशाळेतही दोन बाटल्यांत एवढा फरक पडतोच. हात खरा होता.

आता पांढरी. तिने ती पाण्यातून काढली. रेघ आता सुतळीएवढी झाली होती. तिने बूच अलगद काढलं, ॲसिड तळाशी सोडलं, बूच लावून बाटली हलवली. पांढरा गाळ विरघळून गेला आणि पाणी जवळजवळ रंगहीन झालं. पिवळेपणा इतका थोडा, की मागे पांढरा कागद धरला तेव्हा दिसला. तिने पेज घातली. फिकट निळा रंग आला, पहाटेच्या आभाळासारखा.

बन्सींनी ड्रॉपर उभा धरला. एक. दोन. तीन.

चौथा थेंब पडला आणि बाहेर जीपचा आवाज आला. जीप कॉलनीच्या रस्त्याने सावकाश येत होती. भोंग्यावरून कोणीतरी वाचत होतं, की जे कामगार उद्या सकाळपर्यंत कामावर हजर होणार नाहीत त्यांना नोकरीवरून काढलं जाईल आणि क्वार्टर रिकामी करावी लागेल. आवाज जवळ आला. जीप त्यांच्याच दारासमोर थांबली. भोंग्यावरचा माणूस तेच पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. खोक्याच्या झाकणाला त्या आवाजाने कंप सुटला. ताईबाईने तोंडाला पदर लावला.

अंजना बाटलीकडे बघत नव्हती. ती वडिलांच्या हाताकडे बघत होती. मनगटावरची शीर उडत होती. बोटं मात्र हलली नाहीत.

पाच. सहा. बन्सी थांबले. भोंगा चालूच होता. त्यांनी डोळे मिटले, उघडले. सात. निळा रंग अजून होता, अगदी पुसट. आठ. अंजनाने बाटली गोल फिरवली. कडेला निळसर छटा उरली होती की तिला तसं वाटत होतं, हे तिला कळेना. तिने कागद धरला. उरली होती.

नऊ.

पाणी नितळ झालं. ती शंभरपर्यंत मनात मोजत थांबली. रंग परत आला नाही.

जीप पुढे गेली. बन्सींनी ड्रॉपर फडक्यावर ठेवला आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

"वरचं पाणी दोनशे चौदा," अंजना म्हणाली. "हे नऊ."

ती वही उघडून लिहायला बसली. खोली तीनशे मीटर, थेंब नऊ. पेन तिथेच थांबलं. पुढच्या रकान्यात शेरा लिहायचा असतो. बाटली साडेतीन तास पाण्याबाहेर होती आणि बुचातून हवा शिरली होती, हे तिथे लिहायला हवं होतं. लिहिलं तर साहेब तो एकच आकडा उचलून बाजूला टाकतील. नाही लिहिलं तर कोणालाही कळणार नव्हतं. ताईबाईला न वाचताही पेन का थांबलं ते समजलं. "माझ्यापायी खोटं लिहू नगंस," ती हळूच म्हणाली. "पर माझं नाव तेवढं घालू नगंस."

बन्सींनी विचारलं, "अंजे, ह्या नवातलं समुद्राचं किती, आन् आपल्या घरचं किती?"

"ते आता कसं कळणार, आबा? हवा शिरली तिचा गाळ झाला. दोन्ही एकात मिसळलं."

"बरं. पर हवा शिरली तवा आकडा वाढला का कमी झाला?"

"वाढला. बाहेरची हवा आत येते. आतला प्राणवायू गाळात बांधलेला असतो, तो बाहेर..." ती बोलता बोलता थांबली.

"बाहेर जात न्हाई," बन्सी म्हणाले. "मग समुद्राचं नऊ तरी असत्याल, न्हाईतर नवापरीस कमी. नवाच्या वर जायाचं न्हाई. बॉयलरच्या पाण्यात औषध सांडलं तर आमी असंच लिवत हुतो."

अंजनाने वडिलांकडे पाहिलं, मग वहीकडे. तिला सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की तिथे श्वासापुरती हवा नाही. आईच्या चुकीने आकडा वाढला असेल. घटला नक्की नव्हता. तिने नऊ या आकड्यापुढे 'किंवा कमी' असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात तारीख, साडेतीन तास, बुचाखालची रेघ, सगळं सविस्तर लिहिलं. कोणाचंही नाव लिहिलं नाही. मग तिघांनी मिळून संध्याकाळपर्यंत उरलेल्या बाटल्या मोजल्या. दाणे सारायचं काम आता ताईबाईकडे आलं. दोन हजार मीटर खोलीच्या बाटलीला एकशे अकरा थेंब लागले. मध्ये श्वास कोंडलेला आणि त्याच्या खाली, काळ्या अंधारात, पुन्हा मोकळा.

रविवारी जीप आली. मुंबईत साहेबांनी वही वाचली, शेरा वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, की गळक्या बाटलीचा आकडा आपण छापत नसतो. अंजनाने उत्तर दिलं, "सर, गळक्या बाटलीने माझ्या विरुद्ध साक्ष दिली असती. तरी ती नवाच्या वर गेली नाही." साहेबांनी तिने सोबत आणलेला हायपो तपासून घेतला, ड्रॉपरचे थेंब स्वतः वीसदा मोजून पाहिले, आणि आठवडाभराने तिला बोलावून सफरीच्या यादीत तिचं नाव घातल्याचं सांगितलं.

संप महिनाअखेर मिटला. बन्सींना परत घेतलं नाही. पावणेतीन वर्षं ते न्हावऱ्याला भावाच्या रानात कांदा लावत राहिले. मग हुकूम आला आणि ते पुन्हा शेडात रुजू झाले. त्या काळात त्यांच्यासमोर कोणी त्या सहीचा विषय काढला तर ते ऐकून घ्यायचे आणि उठून कामाला लागायचे.

संपाच्या पुढच्या वर्षी हिवाळ्यात अंजना जहाजावर चढली. तीनशे मीटरवरून तिने स्वतः पाणी वर काढलं, दहा बाटल्या, सगळ्या पांढऱ्या. मोजमाप आता खुणांच्या नळीने होत होतं. त्याचे थेंब केले तर सात भरत होते. तसं तिने त्याच दिवशी घरी कळवायचं पत्र लिहून ठेवलं.

बाटल्यांचा टब तिच्या खोलीबाहेर होता. रोज सकाळी ती त्यातलं शिळं पाणी बदलायची. सोबतचे शास्त्रज्ञ म्हणायचे, याची काही गरज नाही. ती म्हणायची, माहीत आहे. आधी ती दुसरा टब ताज्या पाण्याने काठोकाठ भरायची, त्यात एकेक बाटली अलगद बुडवून ठेवायची, आणि शेवटची बाटली हलली की मग जुना टब उचलून समुद्रात ओतायची.